छोट्या गावाजवळ स्वस्त मोटेल कसं शोधायचं: अमेरिकेत गाडीने फिरणाऱ्यांसाठी

अमेरिकेत गाडीने फिरायला निघालेला माणूस मुक्कामासाठी पहिलं काय करतो, तर जिथे जायचं त्या गावाचं नाव ॲपमध्ये टाकतो. समोर तीन-चार मोटेलं येतात आणि भाडं पाहून डोळे पांढरे होतात. मग एक तर निमूट पैसे भरायचे, नाहीतर ट्रिपमधली एक रात्र कापायची. छोट्या गावांच्या बाबतीत ही पद्धतच उलटी आहे. दोन क्वीन बेड, एक टीव्ही, छोटा फ्रिज, खिडकीखाली घरघरणारा एसी. सत्तर डॉलरच्या आणि दीडशे डॉलरच्या खोलीत पुष्कळदा याहून फारसा फरक नसतो. भाडं ठरतं ते खोली कुठल्या रस्त्यावर आहे आणि रात्र कुठली आहे यावर. म्हणून आधी रस्ता बघायचा, मग तारीख, मग फोन करायचा. ॲपमधलं ‘बुक’ बटण सगळ्यात शेवटी.

१. नकाशा उघडा आणि रस्ता वाचा

स्वतःला मोटेल म्हणवणारं पहिलं ठिकाण डिसेंबर १९२५मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे उघडलं. आर्थर हाइनमन हा त्याचा वास्तुविशारद. लॉस एंजेलिस ते सॅन फ्रान्सिस्को हा गाडीचा प्रवास तेव्हा सहसा दोन दिवसांचा असे आणि हे गाव साधारण मधोमध पडायचं. रात्रीचं भाडं होतं सव्वा डॉलर. धंद्याचं गणित तेव्हापासून तेच आहे: मोटेल रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर चालतं, गावातल्या नाही.

१९५६च्या कायद्यानंतर इंटरस्टेट महामार्गांचं जाळं पसरलं आणि या महामार्गांनी असंख्य छोट्या गावांना वळसा घातला. त्यामुळे आज अशा गावाजवळ मोटेलांच्या दोन वस्त्या दिसतात. एक वस्ती एक्झिटला, म्हणजे महामार्गावरून उतरायच्या फाट्याला लागून, तिथे साखळी ब्रँड, गॅस स्टेशन आणि फास्ट फूड. दुसरी गावातून जाणाऱ्या जुन्या हायवेवर, तिथे एकमजली, खोलीच्या दारातच गाडी लावता येणारी, बहुधा मालकानेच चालवलेली मोटेलं. या जुन्या रस्त्याला पुष्कळ ठिकाणी ‘बिझनेस लूप’ म्हणतात आणि त्याची पाटी हिरव्या ढालीच्या आकाराची असते. इंटरस्टेटवरच्या निळ्या ‘लॉजिंग’ पाट्यांवर जे लोगो दिसतात त्यांत ही मालकाची मोटेलं क्वचितच असतात. ती दिसण्यासाठी नकाशा गावावर मोठा करा, ‘हॉटेल’ऐवजी ‘मोटेल’ असं शोधा आणि बिझनेस लूपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नकाशा सरकवत जा. स्ट्रीट व्ह्यूमध्ये इमारत बघा. रंग, पार्किंगमधल्या गाड्या, ऑफिसची खिडकी यांवरून निम्मा अंदाज येतो.

मात्र जुनं म्हणजे स्वस्त असं सरसकट समजू नका. न्यू मेक्सिकोतल्या टुकमकॅरीत रूट ६६ या जुन्या हायवेवर १९३९च्या सुमाराचं ‘ब्लू स्वॅलो’ मोटेल आहे. त्याच्या निऑन पाटीचे फोटो काढायला लोक लांबून येतात. अशा ठिकाणी जुनेपणालाच भाव असतो. तुम्हाला नुसती पाठ टेकायची असेल तर त्याच रस्त्यावरचं बिननावाजलेलं मोटेल बरं.

साखळी मोटेलंही स्वस्त असू शकतात, मुळात ती त्यासाठीच निघाली. मोटेल ६ १९६२ साली सांता बार्बरात सहा डॉलर भाड्याने सुरू झालं. सुपर ८चा जन्म साउथ डकोटातल्या ॲबरडीनचा, तिथे भाडं होतं ८ डॉलर ८८ सेंट. ती भाडी केव्हाच गेली, नावं राहिली. मोटेल ६ची कंपनी तर २०२४ साली आपल्या ओयोने विकत घेतली. पण या साखळ्यांतली बहुतेक मोटेलं फ्रँचायझीवर चालतात, म्हणजे पाटी एकच असली तरी मालक वेगवेगळे. एका गावातलं सुपर ८ चांगलं निघालं म्हणून पुढच्या गावातलंही तसंच असेल, हा हिशेब करू नका.

२. शेजारचं गाव शोधा

खरी बचत इथे आहे. पर्यटकांच्या गावाला लागून, पण पर्यटकांच्या यादीत नसलेलं गाव प्रत्येक दिशेला असतं.

युटातलं मोआब घ्या. आर्चेस नॅशनल पार्क गावापासून पाच मैलांवर, त्यामुळे वसंत ऋतूत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भाडी चढलेली असतात. तिथून साधारण पन्नास मैलांवर आय-७० या इंटरस्टेटवर ग्रीन रिव्हर आहे. छोटंसं गाव, मोटेलं बरीच. दक्षिणेला जवळजवळ तेवढ्याच अंतरावर मॉन्टिसेलो आहे, आणि कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कचा नीडल्स भाग बघायचा असेल तर ते मोआबपेक्षाही सोयीचं पडतं. झायन नॅशनल पार्कसाठी दारातल्या स्प्रिंगडेलऐवजी ला व्हर्किन किंवा हरिकेन पाहा. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमसाठी टुसायानऐवजी साठ मैलांवरचं विल्यम्स. यलोस्टोनच्या उत्तर दारावरच्या गार्डिनरऐवजी लिव्हिंग्स्टन.

इंटरस्टेटवर अंतर काढायला एक सोय आहे: बहुतेक राज्यांत एक्झिटचा नंबर हा मैलाचाच असतो. ग्रीन रिव्हरचे एक्झिट १६० आणि १६४. मोआबकडे वळायचा एक्झिट १८२. म्हणजे इंटरस्टेटवरचं अंतर वीसेक मैल, आणि पुढे तीसेक मैल खाली मोआब. नेटवर्क नसतानाही हे गणित तोंडी होतं.

आता परवडतं का ते बघू. समजा गावातलं मोटेल १४९ डॉलर आणि पन्नास मैलांवरचं ८४. फरक ६५ डॉलर. जाऊन-येऊन शंभर मैल, गाडी गॅलनला २५ मैल देते, म्हणजे चार गॅलन. गॅलन साडेतीन डॉलरला धरलं तर चौदा डॉलर. उरले ५१ डॉलर आणि खर्ची पडले साधारण दोन तास. चौघांचं कुटुंब असेल तर त्या ५१ डॉलरमध्ये रात्रीचं जेवण निघतं. पण सूर्योदयाला पार्कमध्ये पोहोचायचं असेल किंवा लहान मूल बरोबर असेल, तर मी गावातच राहीन. सगळ्यात फायदेशीर गोष्ट अशी की शेजारचं गाव तुमच्या येण्याच्या वाटेवरच असलं, तर पहिल्या रात्रीसाठी उलटा फेरा मुळीच पडत नाही. पहिली आणि शेवटची रात्र बाहेरच्या गावात, मधली गावात, अशी वाटणी पुष्कळदा जमते.

दोन सावधगिरी मात्र पाळा. नकाशावर जवळ दिसणारं गाव घाटापलीकडे असू शकतं. वायोमिंगमधल्या जॅक्सनची भाडी पाहून लोक टेटन पासपलीकडच्या आयडाहोतल्या ड्रिग्जला जातात. उन्हाळ्यात ठीक आहे, पण तो घाट दहा टक्के चढणीचा आहे आणि हिवाळ्यात हिमस्खलनाच्या भीतीने बंदही होतो. दुसरी गोष्ट, संधिप्रकाशात आणि रात्री हरणं रस्त्यावर येतात. अनोळखी दोनपदरी रस्त्यावरचे पन्नास मैल अंधारात कापायचे असतील तर वाचलेले पैसे विसरा.

३. रात्र तपासा

पर्यटनाच्या गावात शुक्रवार-शनिवार महाग आणि रविवारची रात्र बहुधा स्वस्त. पण वेस्ट टेक्सास किंवा नॉर्थ डकोटासारख्या तेलाच्या पट्ट्यात हे उलटं होतं. तिथे सोमवार ते गुरुवार कामगारांच्या पिकअप गाड्यांनी मोटेलं भरलेली असतात. पाइपलाइनचं किंवा पवनचक्क्यांचं मोठं काम चालू असेल तर एकेक ठेकेदार अख्खं मोटेल महिनोन् महिने घेऊन ठेवतो. ॲपमध्ये नुसतं ‘उपलब्ध नाही’ दिसतं, कारण दिसत नाही.

मग काही तारखा अशा असतात की गावाचा आकार आणि गर्दी यांचा मेळच बसत नाही. साउथ डकोटातलं स्टर्जिस हे सातेक हजार वस्तीचं गाव. ऑगस्टमधल्या मोटरसायकल रॅलीला तिथे लाखो लोक येतात आणि दूरदूरच्या गावांपर्यंत खोली मिळत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठाचा घरचा फुटबॉल सामना असला की भाडी चढतात आणि पुष्कळ ठिकाणी किमान दोन रात्रींची अट घालतात. ८ एप्रिल २०२४च्या खग्रास सूर्यग्रहणात सावलीच्या वाटेवरच्या कितीतरी लहान गावांत हेच घडलं. पदवीदान, काउंटी फेअर (जिल्ह्याची जत्रा), शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस ही त्यातली नेहमीची कारणं.

ओळखायचं कसं? त्याच मोटेलसाठी आदल्या आणि पुढच्या आठवड्याचा तोच वार टाकून बघा. एकाच शनिवारी भाडं दुप्पट झालेलं दिसलं, तर गावात काहीतरी आहे. गावाच्या चेंबर ऑफ कॉमर्सच्या साइटवर कार्यक्रमांचं कॅलेंडर असतं, तिथे उत्तर मिळतं. तारीख एका दिवसाने सरकवता आली, तर दुसरी कुठलीही युक्ती लागत नाही.

भाडं रास्त आहे का हे पारखायला एक सरकारी फूटपट्टी फुकट मिळते. अमेरिकी सरकारची जीएसए ही संस्था आपल्या कर्मचाऱ्यांच्या मुक्कामासाठी ठिकाणागणिक कमाल दर जाहीर करते. ऑक्टोबर २०२४पासूनच्या आर्थिक वर्षात, वेगळा दर न ठरवलेल्या ठिकाणांसाठी तो रात्रीला ११० डॉलर होता, कर वेगळा. पर्यटनाच्या भागांना महिन्याप्रमाणे निरनिराळे दर असतात. हा दर मध्यम दर्जाच्या हॉटेलांचा सरासरी भाव पाहून ठरतो. तेव्हा साधं मोटेल त्याच्या वर जात असेल, तर ती रात्र महाग आहे हे समजावं.

४. एकूण आकडा काढा

१२ मे २०२५पासून फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा नियम लागू आहे. सक्तीचं शुल्क लपवून ठेवून शेवटच्या पानावर दाखवायला आता मनाई आहे. पण सरकारी कर जाहिरातीतल्या आकड्याबाहेर ठेवायला हा नियम मुभा देतो, आणि मोटेलवरचा कर किरकोळ नसतो. टेक्सासमध्ये राज्याचा ६ टक्के आणि वर बहुतेक शहरांचा ७ टक्क्यांपर्यंत. काही ठिकाणी त्यावर काउंटीचाही. म्हणजे ८० डॉलरची खोली नव्वदीला टेकते. तुलना करताना दोन्ही मोटेलांचा करासकट आकडा घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

त्याच बैठकीत रद्द करण्याची अट वाचा. ‘नॉन-रिफंडेबल’ दरात सहसा थोडेच डॉलर वाचतात. हवामानावर आणि मुलांच्या पोटावर अवलंबून असलेल्या ट्रिपमध्ये ते थोडे डॉलर वाचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट नाश्ता मात्र हिशेबात धरा, पण तो खरोखर वॉफल-अंडी आहे की पाकिटातला मफिन, हे ताज्या फोटोंत बघून घ्या.

५. फोन करा

ही पायरी लोक टाळतात, आणि छोट्या गावात सगळ्यात जास्त फळ हीच देते. बुकिंग साइट मोटेलकडून घसघशीत कमिशन घेते. थेट आलेल्या गिऱ्हाइकाकडून तेवढे पैसे कमी घेऊनही मालकाचं नुकसान होत नाही. शिवाय काही जुनी मोटेलं सगळ्या खोल्या ऑनलाइन टाकतच नाहीत.

नंबर नीट निवडा. शोधात सर्वांत वर येणारी जाहिरात पुष्कळदा मोटेलसारख्या दिसणाऱ्या तिसऱ्याच साइटची असते. ८०० किंवा ८८८ने सुरू होणारा नंबर बहुधा कुठल्या तरी कॉल सेंटरचा. तुम्हाला हवा आहे त्या गावच्या एरिया कोडचा, थेट काउंटरवर वाजणारा नंबर. वेळ दुपारी दोनच्या सुमाराची बरी. सकाळी चेक-आउटची आणि संध्याकाळी चेक-इनची घाई असते.

संभाषण साधारण असं होतं. तुम्ही विचारता, “शुक्रवार-शनिवार, दोन रात्री, दोन मोठे, दोन मुलं. दोन क्वीन बेडची नॉन-स्मोकिंग खोली आहे का?” आहे म्हटलं की, “टॅक्स धरून दोन रात्रींचे एकूण किती?” आकडा आला की घाई करू नका. “ऑनलाइन एवढ्याला दिसतंय. थेट तुमच्याकडे घेतलं तर काही कमी होईल का?” आणि गप्प बसा. पलीकडे किबोर्डची टकटक ऐकू येते, मग एक तर “तोच रेट आहे” किंवा “दहा टक्के कमी करतो”. तोच रेट असला तरी पुढचा प्रश्न तयार ठेवा: “ट्रिपल ए किंवा सीनिअर डिस्काउंट?” ट्रिपल ए हा गाडीवाल्यांचा क्लब. भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर सीनिअरचा प्रश्न विसरूच नका. वयाची अट कुठे ५५, कुठे ६०, कुठे ६२ असते. त्यानंतर मागच्या बाजूची, रस्त्यापासून लांबची खोली मागा, ऑफिस किती वाजता बंद होतं ते विचारा आणि फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव व कन्फर्मेशन नंबर लिहून घ्या.

ऑफिसच्या वेळेचा प्रश्न औपचारिक नाही. मालकाच्या मोटेलमध्ये रात्री दहा-अकराला दिवे बंद होतात. उशीर होणार हे आधी सांगितलं तर दारावर तुमच्या नावाचं पाकीट चिकटवून त्यात किल्ली ठेवतात.

पलीकडचा आवाज गुजराती वळणाचा असण्याची शक्यता भरपूर. ‘आहोआ’ या भारतीय वंशाच्या हॉटेलमालकांच्या संघटनेची स्थापना १९८९ची, आणि तिच्या म्हणण्यानुसार अमेरिकेतली सुमारे ६० टक्के हॉटेलं तिच्या सदस्यांची आहेत. त्यात पटेल आडनाव इतकं, की ‘पटेल मोटेल’ हा शब्दप्रयोगच रूढ झाला. हिंदीत बोलल्यावर गप्पा रंगतात, जवळ शाकाहारी कुठे मिळेल तेही कळतं. पण भाडं ‘केम छो’वर उतरत नाही. ते उतरतं मोकळ्या खोल्या किती आहेत त्यावर.

६. अभिप्राय चाळा, तारे नकोत

सरासरी तारे बघण्यात अर्थ नाही, कारण लहान मोटेलचा मालक बदलला की सगळंच बदलतं. अभिप्राय ‘नवे आधी’ लावा आणि गेल्या काही महिन्यांचेच वाचा. मग शोधाच्या चौकटीत एकेक शब्द टाका: बेडबग (ढेकूण), सिगारेट, ट्रेन, गरम पाणी. टॉवेल पातळ असल्याची तक्रार सोडून द्या. ‘रात्रभर लोक दारात ये-जा करत होते’ असं दोघांनी लिहिलं असेल तर ते मोटेल सोडून द्या.

ट्रेनची तक्रार मी गंभीरपणे घेते. छोट्या गावातली जुनी मोटेलं रुळांच्या बाजूलाच असतात. फेडरल नियमानुसार इंजिनचालकाला फाटक यायच्या १५ ते २० सेकंद आधीपासून भोंगा द्यावाच लागतो: दोन लांब, एक आखूड, एक लांब. आवाज ९६ ते ११० डेसिबल. मालगाडी रात्री दोनलाही येते. नकाशावर मोटेल आणि रेल्वे फाटक यांच्यातलं अंतर मोजा, किंवा गाव ‘क्वाएट झोन’मध्ये, म्हणजे एरवी भोंगा न देण्याच्या पट्ट्यात, आहे का ते पाहा.

७. काउंटरवर आणि खोलीत

फोटो असलेलं ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड काढून ठेवा. पासपोर्ट चालतो. काही मोटेलं २१ वर्षांखालच्यांना खोली देत नाहीत, तर काही जवळपासचाच पत्ता असलेल्यांनाही देत नाहीत. स्थानिकांच्या रात्रीच्या पार्ट्या टाळायला ही अट असते. त्याच भागात राहत असाल तर आधी विचारा. डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तेवढे पैसे खात्यातून काही दिवस गायब होतात, म्हणून क्रेडिट कार्डच द्या.

पैसे भरायच्या आधी “खोली बघू का?” असं विचारायला लाजू नका. मालकाच्या मोटेलमध्ये किल्ली हातात देतात. खोलीत गेल्यावर सामान आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवा, पलंगावर नाही. फोनचा टॉर्च लावा, चादर कोपऱ्यातून वर करा आणि गादीची शिवण व हेडबोर्डच्या मागची फट बघा. शाईचे बारीक ठिपके सांडल्यासारखे काळे डाग किंवा पातळ, पिवळट टरफलं, म्हणजे ढेकणांच्या खुणा, दिसल्या तर तिथून निघा. नंतर दाराची कडी, गरम पाणी, एसी. वास आला तर आलाच. एअर फ्रेशनरचा दाट वास हा सिगारेटच्या वासाहून वेगळा समजू नये.

खोली पसंत नसेल तर पहिल्या पंधरा मिनिटांत सांगा. पलंग आणि बाथरूम वापरलेलं नसेल तर बहुतेक मालक खोली बदलून देतात किंवा पैसे परत करतात. बुकिंग साइटवरून घेतलेलं असेल तर काउंटरवरच्या माणसाला तुमचे पैसे परत करता येत नाहीत, ते साइटकडे असतात. अशा वेळी काउंटरवरून हलू नका. तिथेच उभं राहून साइटला फोन लावा आणि फोन त्या माणसाच्या हातात द्या. त्याने स्वतः “आमची हरकत नाही” असं सांगितल्याशिवाय साइट सहसा पैसे सोडत नाही, आणि एकदा गाडी पार्किंगमधून बाहेर पडली की तो पुन्हा फोनवर सापडेल याची खात्री नसते.